अवकाशातल्या लहरी आणि भारित कण: वाद आज कुठे उभा आहे?

सूर्यापासून निघालेला सौरवाऱ्यातला प्रोटॉन पृथ्वीपर्यंतच्या पंधरा कोटी किलोमीटरच्या वाटेत दुसऱ्या कणावर जेमतेम एखादवेळा आदळतो. आपल्या भोवतीच्या हवेत हीच धडक प्रत्येक रेणूच्या वाट्याला दर सेकंदाला अब्जावधी वेळा येते. हवेत उष्णता पसरते, वेग एकमेकांशी जुळतात, वेगळे पडलेले कण पुन्हा सरासरीत येतात, ते या धडकांमुळे. अवकाशातल्या प्लाझ्माला ही सोय नाही. तरीही सौरवारा नुसत्या प्रसरणाने जितका थंड व्हायला हवा तितका होत नाही. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांमधले इलेक्ट्रॉन काही तासांत प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात आणि कधी तितक्याच वेळात नाहीसे होतात. धडका नसताना धडकांचे काम कोण करते, या प्रश्नाचे उत्तर आता जवळपास सर्वमान्य आहे: विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या लहरी. कण लहरींना जन्म देतात, लहरी कणांना वळवतात, वेग देतात किंवा वेग काढून घेतात.

या उत्तराच्या पोटातला वाद मात्र मिटलेला नाही. लहरी हे काम असंख्य लहान, एकमेकांशी संबंध नसलेल्या धक्क्यांनी हळूहळू करतात, की थोड्या मोठ्या आणि शिस्तबद्ध झटक्यांनी अचानक करतात? पहिल्या मताचा सिद्धान्त साठ वर्षे जुना आहे आणि हिशेबाला सोपा आहे. दुसऱ्या मताच्या बाजूने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यानांनी गोळा केलेला पुरावा वाढत गेला आहे, आणि त्या मताच्या घडणीत नवी मुंबईजवळच्या पनवेलचा वाटा आहे. दोन्ही बाजू नीट मांडल्या तर असे दिसते की खरा प्रश्न यांपैकी कोण बरोबर हा नाही. लहर आपली लय किती काळ टिकवते, हा आहे. तो आकडा कळला की कोणता सिद्धान्त कुठे लागू पडतो ते बऱ्याच अंशी ठरते. अडचण अशी की तो आकडा मोजणे सर्वांत अवघड आहे.

पार्श्वभूमी: लांडाऊपासून सरासरीच्या सिद्धान्तापर्यंत

१९४६ साली सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांनी गणिताने दाखवले की धडका मुळीच नसलेल्या प्लाझ्मातही विद्युत लहर विरून जाऊ शकते. लहरीच्या वेगाच्या आसपास धावणारे जे इलेक्ट्रॉन असतात, त्यांतले थोडे मंद असलेले तिच्याकडून ऊर्जा घेतात आणि थोडे वेगवान असलेले तिला ऊर्जा देतात. साधारण प्लाझ्मात मंद कणांची संख्या जास्त असते, म्हणून लहरीच्या खात्यातून वजावट होते. हा निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की अनेकांना तो गणिताची करामत वाटला. प्रयोगशाळेत माल्मबर्ग आणि व्हार्टन यांनी १९६४ मध्ये हे विरणे मोजून दाखवले, तेव्हा शंका मिटली. याच गणिताची दुसरी बाजू अवकाशासाठी अधिक महत्त्वाची ठरली. वेगवान कणांचा झोत प्लाझ्मात शिरला, तर त्या वेगापाशी वेगवान कण मंद कणांपेक्षा जास्त होतात, हिशेब उलटतो आणि लहर विरण्याऐवजी वाढते.

चुंबकीय क्षेत्र असेल तर आणखी एक मार्ग उघडतो. भारित कण क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. समोरून येणारी लहर त्याला आपल्या मूळ वारंवारतेपेक्षा जास्त वारंवारतेची भासते. ही भासणारी वारंवारता त्याच्या गिरकीच्या वारंवारतेशी जुळली की दर गिरकीला धक्का त्याच जागी बसतो. झोक्याला योग्य क्षणी दिलेले हलके धक्के जसे साठत जातात, तसाच हा परिणाम साठतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. पृथ्वीच्या त्रिज्येच्या पाचपट अंतरावर, विषुववृत्ताच्या पातळीत, चुंबकीय क्षेत्र साधारण २५० नॅनोटेस्ला असते आणि इलेक्ट्रॉन तिथे सेकंदाला सुमारे सात हजार गिरक्या घेतो. त्याच्याशी अनुस्पंदन साधणाऱ्या लहरींची वारंवारता काहीशे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते. त्यामुळेच पहिल्या महायुद्धाच्या काळात दूरध्वनीच्या लांब तारांवर शिट्टीसारखे आवाज ऐकू आले होते. वीज चमकल्यावर निघालेल्या लहरी चुंबकीय क्षेत्ररेषांच्या वाटेने पृथ्वीबाहेर दूरवर जाऊन येतात, हे ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये त्या आवाजांवरून ओळखले. कृत्रिम उपग्रह अजून अस्तित्वात नव्हते, आणि तरी पृथ्वीबाहेरच्या प्लाझ्माची घनता त्यांवरून मोजली गेली.

सरासरीचा सिद्धान्त १९६१-६२ च्या सुमारास आकाराला आला. सोव्हिएत संघात वेदेनोव्ह, वेलिखोव्ह आणि सगदेयेव्ह यांनी, अमेरिकेत ड्रमंड आणि पाइन्स यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. त्याची गृहीतके तीन. लहरींचा विस्तार लहान असावा. लहर एकटी नसावी, वारंवारतेचा रुंद पट्टा असावा. आणि लहरींच्या कला, म्हणजे आवर्तनातल्या त्यांच्या स्थिती, एकमेकींशी असंबद्ध असाव्यात. असे असेल तर कणाला बसणारे धक्के कधी पुढे, कधी मागे ढकलतात आणि कणांचा समूह शाईच्या थेंबासारखा हळूहळू पसरतो. त्या पसरण्याला विसरण म्हणतात आणि त्याचा वेग एका गुणांकाने सांगता येतो. १९६६ मध्ये केनेल आणि पेट्शेक यांनी हा सिद्धान्त पृथ्वीच्या चुंबकावरणाला लावला. अडकलेले इलेक्ट्रॉन फार झाले की ते स्वतःच लहरी वाढवतात, आणि त्या लहरी त्यांना दिशा बदलायला लावून वातावरणात पाडतात. म्हणून पट्ट्यांत किती कण टिकू शकतात याला मर्यादा असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७२ मध्ये लायन्स, थॉर्न आणि केनेल यांनी दाखवले की आतल्या आणि बाहेरच्या प्रारण पट्ट्यांमधली रिकामी जागा ‘हिस’ नावाच्या सुरसुरणाऱ्या लहरींमुळे पडते. निरीक्षणाशी हे इतके चांगले जुळले की पुढची तीन दशके प्रारण पट्ट्यांची जवळपास सगळी प्रतिमाने विसरणाच्याच समीकरणांवर उभी राहिली. उपग्रहांना धोका किती, हे सांगणाऱ्या आजच्या बहुतेक प्रतिमानांचा कणाही तोच आहे.

सुसंगत लहरींचा पक्ष आणि पनवेलचा वाटा

असंबद्ध कलांचे गृहीतक वादात सापडले ते कोरस नावाच्या लहरींमुळे. ध्वनिक्षेपकावर त्या पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात, म्हणून हे नाव. १९७४ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि एडवर्ड स्मिथ यांनी ओजीओ-५ यानाच्या नोंदींवरून दाखवले की मध्यरात्रीनंतरच्या बाजूला, चुंबकीय उपवादळांच्या वेळी या लहरी जोरात असतात. प्रत्येक किलबिल सेकंदाच्या काही दशांशांत खालच्या सुरावरून वरच्या सुरात चढत जाते. असंबद्ध कलांच्या लहरींचा रुंद पट्टा असे काही करत नाही. एकच, स्वतःची लय राखणारी लहर वारंवारता बदलत चढत असेल तरच असा सूर उमटतो. डेव्हिड नन यांनी त्याच वर्षी असा विचार पुढे नेला की मोठ्या विस्ताराची लहर काही इलेक्ट्रॉनांना आपल्या खळग्यात पकडून ठेवते, आणि पकडलेल्या कणांचा प्रवाहच लहरीचा सूर चढवतो. जपानमध्ये योशिहारु ओमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर या कल्पनेचा सविस्तर सिद्धान्त बांधला.

भारतात या प्रश्नाशी सर्वांत घट्ट जोडलेली संस्था म्हणजे भारतीय भूचुंबकत्व संस्था. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेची ती वारसदार. १९७१ मध्ये स्वायत्त झाली, पुढे तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आले. या संस्थेचे गुरबक्ष सिंग लखिना यांनी त्सुरुतानींबरोबर १९९७ मध्ये ‘रिव्ह्यूज ऑफ जिओफिजिक्स’ या नियतकालिकात धडकांविना प्लाझ्मामधल्या लहरी-कण आंतरक्रियांच्या मूळ संकल्पनांवर लेख लिहिला. अनुस्पंदनाची अट, कणाची दिशा कशी बदलते, ऊर्जा कुठून कुठे जाते, हे सगळे इतक्या सोप्या पायऱ्यांनी मांडणारे लेखन या क्षेत्रात फार नाही. तोच आजही नव्याने या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम वाचावा असा लेख आहे. २०१० मध्ये लखिना, त्सुरुतानी, व्हेरखोग्ल्याडोव्हा आणि पिकेट यांनी पुढचे पाऊल टाकले. क्लस्टर यानांच्या नोंदींत कोरसच्या एका किलबिलीच्या आत आणखी लहान तुकडे दिसत होते, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास टिकणारे आणि आतून पूर्ण सुसंगत. अशा एका तुकड्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची दिशा किती बदलेल, याचे गणित त्यांनी मांडले. उत्तर आले ते जुन्या विसरणाच्या हिशेबापेक्षा कित्येक पटींनी मोठे. अनेक फेऱ्यांत व्हायचे काम एका भेटीत उरकण्याची शक्यता त्यातून पुढे आली.

दोन वर्षे आधी, २००८ मध्ये, सिंथिया कॅटेल आणि सहकाऱ्यांनी स्टीरिओ यानाच्या प्रारण पट्ट्यातून झालेल्या प्रवासात २४० मिलिव्होल्ट प्रति मीटरपेक्षा मोठ्या विद्युत क्षेत्राच्या लहरी नोंदवल्या होत्या. त्या वेळच्या सामान्य अंदाजांच्या मानाने ही फार मोठी संख्या होती. जुन्या सिद्धान्ताच्या पहिल्या गृहीतकाचे, विस्तार लहान असण्याचे, काय करायचे हा प्रश्न त्यामुळे टाळता येईनासा झाला.

यानांनी दिलेला पुरावा आणि त्यावरचे आक्षेप

३० ऑगस्ट २०१२ रोजी नासाची दोन व्हॅन ॲलन याने प्रक्षेपित झाली आणि २०१९ पर्यंत प्रारण पट्ट्यांतून फिरत राहिली. त्यांच्यापुढचा एक मोठा प्रश्न असा होता: इलेक्ट्रॉन बाहेरून आत सरकताना ऊर्जा मिळवतात, की पट्ट्याच्या आतच लहरी त्यांना ऊर्जा देतात? पहिल्या पर्यायात अतिमंद, मिनिटांच्या आवर्तनाच्या लहरी कणांना पृथ्वीच्या दिशेने विसरत नेतात. दुसऱ्यात कोरस हे काम जागच्या जागी करते. प्रक्षेपणानंतर सहा आठवड्यांतच, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या चुंबकीय वादळात, उत्तराची संधी आली. जेफ्री रीव्हज आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले की कणांच्या घनतेचा कळस पट्ट्याच्या मध्यभागी वाढत गेला. बाहेरून आत सरकणाऱ्या कणांनी असा कळस मध्यभागी उभा राहत नाही. त्याच वर्षी रिचर्ड थॉर्न आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्या वादळातल्या कोरसच्या मोजमापांवरून गणित करून ही वाढ कोरसने समजावून दिली.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. थॉर्न यांचे ते गणित विसरणाचेच होते. म्हणजे कोरस हा कर्ता ठरला, पण तो काम सरासरीच्या सिद्धान्तानुसार करतो असे धरूनच हिशेब जुळला. कोरस सुसंगत असते हे तर डोळ्यांना दिसत होते. मग सुसंगतता विसरून केलेला हिशेब बरोबर कसा येतो? सरासरीच्या सिद्धान्ताचे समर्थक यावर म्हणतात की जुळणारा हिशेब हाच पुरावा आहे. उलट बाजूचा आक्षेप रास्त आहे: विसरणाचा गुणांक दिवसभराच्या सरासरी लहरींवरून काढला, तर काही मिनिटांच्या अचानक उड्या त्यात पुसल्या जातात, आणि अशा उड्यांच्या नोंदी आहेत. जॉन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की एका वादळात काही मिनिटांत इलेक्ट्रॉन लाखो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पल्ल्यात चढले, आणि हा चढ सुसंगत कोरसच्या सिद्धान्ताशी जुळतो. वातावरणात इलेक्ट्रॉनांच्या झुबक्यांचा वर्षाव सेकंदाच्या दशांशापेक्षा कमी वेळ चालतो, हेही हळू विसरणाच्या चित्रात सहज बसत नाही.

कोंडी सुटण्याची दिशा लहर-तुकड्यांच्या लांबीच्या मोजमापातून मिळाली. शियाओ-जिया झांग, मुरेनास, आर्तेमियेव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१८ नंतरच्या लेखांतून व्हॅन ॲलन यानांच्या हजारो लहर-तुकड्यांची छाननी केली. तीव्र कोरसचे बहुतेक तुकडे दहा आवर्तनांपेक्षाही लहान निघाले, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर लहरीची कला अचानक उडी मारते असे दिसले. इलेक्ट्रॉन खळग्यात अडकतो, थोडे अंतर नेला जातो, आणि कला मोडताच सुटतो. काही कण वर चढतात, काही खाली घसरतात. दोन्ही परिणामांची मोठी वजाबाकी होते. अशा भेटी पुरेशा झाल्या की उरलेली सरासरी विसरणासारखीच दिसू लागते. म्हणजे जुना सिद्धान्त त्याने दिलेल्या कारणासाठी बरोबर ठरला नव्हता. लहरी लहान आणि असंबद्ध नव्हत्या, त्या मोठ्या आणि मोडक्या होत्या. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे, कारण तो दोन्ही बाजूंच्या निरीक्षणांना जागा देतो. तुकडा लांब असेल तिथे लखिना-त्सुरुतानी यांचा झटका खरा, आणि तुकडे लहान व पुष्कळ असतील तिथे केनेल-पेट्शेक यांची सरासरी खरी.

यावर असा आक्षेप घेतला जातो की हे समेटाचे चित्र सोयीचे आहे, पण लांब तुकडे दुर्मीळ असले तरी सगळ्यांत ऊर्जावान कण तेच घडवत असतील, आणि उपग्रहांना धोका त्याच कणांचा असतो. आक्षेपात तथ्य आहे. सरासरीत न दिसणारी घटना परिणामात मोठी असू शकते. त्याचे उत्तर अजून आकड्यांत देता येत नाही.

एकाकी स्पंदांचा वाद

पनवेलच्या गटाने ज्यात स्पष्ट भूमिका घेतली असा दुसरा वाद विद्युत क्षेत्राच्या एकाकी स्पंदांचा आहे. १९९४ मध्ये हिरोशी मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी जिओटेल यानाच्या नोंदींत पाहिले की आधी ज्याला रुंद पट्ट्याचा गोंगाट समजले जात होते, तो खरे तर एकेकट्या स्पंदांची मालिका आहे: क्षेत्र एका दिशेला उसळते, लगेच उलट दिशेला, आणि शांत होते. एका मताप्रमाणे हे इलेक्ट्रॉनांचे ‘विवर’ आहे. बर्नस्टाइन, ग्रीन आणि क्रुस्कल यांच्या १९५७ च्या सिद्धान्तात अशी रचना आधीच होती: कण विभवाच्या खळग्यात अडकतात आणि तेच तो खळगा टिकवून धरतात. दुसरे मत असे की ही ध्वनीसारख्या प्लाझ्मा लहरींची सॉलिटॉन रूपे आहेत, म्हणजे आकार न बदलता सरकणाऱ्या लहरी. लखिना, सत्यवीर सिंग, अमर काकड, भारती काकड आणि त्यांचे सहकारी यांनी सौरवारा, चुंबकपुच्छ आणि ध्रुवप्रकाशाचा प्रदेश अशा अनेक ठिकाणच्या प्लाझ्मासाठी ही सॉलिटॉन प्रतिमाने मांडली.

दोन्ही मतांची कसोटी कागदावर सोपी आहे. साध्या सॉलिटॉनमध्ये उंची वाढली की रुंदी घटते. विवरामध्ये उंची वाढली की रुंदीही वाढते. शिवाय इलेक्ट्रॉन-विवरातले विभव धन असते, तर साध्या इलेक्ट्रॉन-ध्वनिक सॉलिटॉनमधले ऋण. निरीक्षणांत धन विभव जास्त दिसते, म्हणून बरेच संशोधक विवराकडे झुकले. पनवेलच्या गटाने यावर दिलेले उत्तर भौतिकदृष्ट्या भक्कम आहे: प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांचा झोत असेल तर सॉलिटॉनचे विभवही धन होऊ शकते, आणि अवकाशात झोत नेहमीच असतात. २०१५ मध्ये गेलेल्या चार एमएमएस यानांमुळे स्पंदांचा वेग आणि रुंदी थेट मोजता येऊ लागली तेव्हापासून विवरांच्या बाजूचा पुरावा बऱ्याच ठिकाणी बळकट झाला आहे. पण आयन-ध्वनिक प्रकारच्या मंद स्पंदांबाबत निवाडा तसा एकतर्फी नाही. दोन रचना एकाच ठिकाणी, एकामागून एक जन्म घेऊ शकतात, ही शक्यताही संगणकी प्रयोगांनी समोर आणली आहे. निदान करताना एकच नाव सगळ्या स्पंदांना देण्याची घाई टाळावी, इतके मात्र पुराव्यावरून म्हणता येते.

घोडच्या खोऱ्यातून दिसणारा सूर्य

लहरी आणि कणांचा हा खेळ यानांखेरीज दुरूनही पाहता येतो. घोड नदीच्या खोऱ्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन बाहूंवर पसरल्या आहेत. मीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा पट्टा तिच्या आवाक्यात आहे, आणि सूर्याच्या प्रभामंडलातले प्लाझ्मा उत्सर्जन याच पट्ट्यात येते.

या उत्सर्जनाची कहाणी लांडाऊच्या गणिताच्या दुसऱ्या बाजूची आहे. सौरज्वालेच्या जागेवरून इलेक्ट्रॉनांचा झोत बाहेर पडतो, प्लाझ्मा लहरी वाढवतो, आणि त्या लहरींचा काही अंश रेडिओ लहरींत बदलतो, असे गिंझबर्ग आणि झेलेझ्न्याकोव्ह यांनी १९५८ मध्ये मांडले. झोत वर चढताना विरळ प्लाझ्मात जातो, त्यामुळे वारंवारता सेकंदांत खाली घसरते. याला तिसऱ्या प्रकारचा रेडिओ स्फोट म्हणतात. १९६४ मध्ये पीटर स्टरॉक यांनी एक अडचण दाखवली. लहरी इतक्या झपाट्याने वाढायला हव्यात की झोत थोड्याच अंतरात आपली ऊर्जा गमावून थांबायला हवा. प्रत्यक्षात तो पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोचतो. दोन प्रकारची उत्तरे पुढे आली. एक असे की झोताच्या पुढच्या भागाने वाढवलेल्या लहरी मागचा भाग परत शोषून घेतो, म्हणून झोत आणि लहरी एकत्र प्रवास करतात. हे सरासरीच्या सिद्धान्ताच्या चौकटीतच बसते. दुसरे असे की तीव्र लहरी कोसळून लहान पुंजक्यांत गोळा होतात आणि झोतातून सुटतात. पुढे रॉबिन्सन यांनी तिसरा मार्ग सुचवला: प्लाझ्माच्या घनतेतल्या चढउतारांमुळे लहरींची वाढ जागोजागी अनियमित होते, झोत कुठेच पूर्ण खर्ची पडत नाही. निरीक्षणांत लहरी ढेकळांसारख्या, तुकड्यातुकड्यांनी दिसतात, आणि यामुळे पहिल्या व तिसऱ्या मताचे आज अधिक वजन आहे. दोन्ही एकत्र खरी असण्याला कुठलीच आडकाठी नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून आलेले अलीकडचे काम याच पार्श्वभूमीवर वाचावे. सुरजित मोंडल, दिव्य ओबेरॉय आणि अतुल मोहन यांनी २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या नोंदींत शांत सूर्यावरून येणारे अत्यंत मंद, सेकंदापेक्षा कमी काळ टिकणारे रेडिओ झगमगाट शोधले. सूर्याच्या प्रभामंडलाला लाखो अंश तापवणारे अतिसूक्ष्म स्फोट अस्तित्वात असतील, तर त्यांतून निघणारे इलेक्ट्रॉनांचे झोत असेच उत्सर्जन देतील, असे त्यांचे म्हणणे आहे. ऊर्जेचा हिशेब पुरेसा आहे का, हे अद्याप ठरलेले नाही. पण इथे एक गोष्ट पुढे येते: क्ष-किरणांत न दिसणारी लहान घटनाही लहरींच्या सामूहिक वाढीमुळे रेडिओत दिसू शकते. पुण्याच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतले प्रसाद सुब्रमण्यन यांनी जीएमआरटीच्या सौर प्रतिमांवर केलेले कामही याच प्रश्नाच्या काठावर येते: प्रवेगित इलेक्ट्रॉनांना किती ऊर्जा लागते, आणि तिच्यातली किती रेडिओत उतरते. हे प्रमाण अतिशय लहान असते, म्हणून दुर्बिणीला दिसणारा प्रकाश मोजून मूळ ऊर्जा सांगताना चुकांना वाव फार राहतो.

कुलाब्याची नोंद आणि कण कुठे जातात याचा प्रश्न

कण कसे वाढतात यापेक्षा ते कसे हरवतात, हा प्रश्न अधिक कठीण ठरला आहे. महाराष्ट्राशी त्याचा संबंध जुना आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पांढऱ्या प्रकाशाची ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली कोसळल्याची नोंद झाली. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अलेक्स यांनी ती जुनी नोंद वाचून या वादळाचा निर्देशांक उणे १७६० नॅनोटेस्ला काढला. ही घट मुख्यतः पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रोटॉन व आयनांच्या वलयप्रवाहामुळे झाली, असे त्यामागचे गृहीत होते. यावर अनेकांनी शंका घेतली: घसरण अतितीव्र आणि अल्पजीवी होती, काही तासांतच क्षेत्र बहुतांश सावरले, वलयप्रवाहातले आयन तटस्थ अणूंशी भाराची अदलाबदल करून नष्ट व्हायला याहून फार जास्त वेळ लागतो. तासाभराची सरासरी घेऊन सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उणे ८५० च्या आसपासचा आकडा सुचवला. २०१३ मध्ये क्लिव्हर आणि डीट्रिच यांनी साधारण उणे ९०० सांगितला. हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये कुलाब्याच्या छापील नोंदींतले तिन्ही घटक एकत्र वाचले, तेव्हाही आकडा उणे ९०० ते उणे १००० च्या दरम्यानच राहिला.

काही संशोधक म्हणतात की कुलाब्यावरून त्या वेळी ध्रुवीय प्रदेशाशी जोडलेले प्रवाह वाहत होते आणि घसरणीचा मोठा भाग त्यांचा होता. दुसरे म्हणतात की वलयप्रवाह खरा होता, पण विक्रमी दाट सौरवाऱ्याने तो लवकर रिकामा केला. लहरींच्या अभ्यासकांकडे आणखी एक वाट आहे. प्रोटॉनांनीच वाढवलेल्या आयन-सायक्लोट्रॉन लहरी त्यांना वातावरणात पाडू शकतात, आणि हा मार्ग भाराच्या अदलाबदलीपेक्षा खूप जलद असू शकतो. एका वेधशाळेच्या एका रेषेवरून यांत निवड करता येत नाही. तरीही ती नोंद नसती तर हा प्रश्न नीट विचारलाही गेला नसता. १९०४ मध्ये मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून नानाभाई मूस यांनी चुंबकीय मापने अलिबागला हलवली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर मोजमाप ठेवून मालिका जोडली. त्या दक्षतेचे मोल आजच्या वादातही आहे.

आजच्या प्रारण पट्ट्यांतही हाच वाद आहे. वादळात इलेक्ट्रॉन बाहेर, चुंबकावरणाच्या सीमेपलीकडे निघून जातात, हे टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. यूरी श्प्रिट्स आणि सहकाऱ्यांनी अतिउच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत उलट बाजू मांडली: आयन-सायक्लोट्रॉन लहरी त्यांना खाली वातावरणात ढकलतात. दोन्ही मार्ग एकाच वादळात एकाच वेळी चालू असतात, हे आता बहुतेक मान्य करतात. कोणत्या ऊर्जेला कोणता मार्ग किती, यावर एकमत नाही.

काय अनिर्णित राहिले

कोरस इलेक्ट्रॉनांना स्थानिक पातळीवर ऊर्जा देते, हे ठरले. ती ऊर्जा विसरणाच्या समीकरणांनी बऱ्याच वेळा बरोबर मोजता येते, हेही ठरले. कारण मात्र जुन्या गृहीतकांचे नाही, मोडक्या कलेचे आहे. अनिर्णित आहेत ते: लांब आणि सुसंगत तुकड्यांचा एकूण हिशेबातला वाटा, एकाकी स्पंदांत विवर आणि सॉलिटॉन यांचे प्रमाण, शांत सूर्यावरच्या क्षीण रेडिओ झगमगाटामागची ऊर्जा, आणि कण हरवण्याच्या वाटांची वाटणी. यांपैकी पहिला प्रश्न बाकीच्यांवर परिणाम करतो, म्हणून तो आधी सुटायला हवा.

त्यासाठी साधन तयार होत आहे. कण लहरीच्या कोणत्या कलेवर असताना मोजला, हे कणाकणाने नोंदवले तर ऊर्जा कुठून कुठे गेली हे थेट मोजता येते, सरासरी काढावीच लागत नाही. एमएमएस यानांच्या नोंदींवर नाओकी किटामुरा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयनांसाठी असे करून दाखवले आणि २०२२ मध्ये चुंबकावरणाच्या बाहेरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांसाठी. जपानच्या अरासे यानाने कोरस आणि स्पंदित ध्रुवप्रकाश यांचा थेट संबंध दाखवला आहे, आणि इलेक्ट्रॉनांची कलेनुसार मोजणी करण्याची योजना त्याच यानावर आहे. प्रारण पट्ट्याच्या गाभ्यात, तीव्र वादळात, पुरेशा संख्येने अशी मोजणी होईपर्यंत सरासरी आणि झटका यांची सीमारेषा अंदाजाचीच राहील. तोवर या विषयावरचा कोणताही नवा दावा वाचताना वाचकाने त्यात लहर किती आवर्तने सुसंगत राहिली हा आकडा आधी शोधावा. तो दिलेला नसेल तर त्या दाव्याची वैधता अजून तपासायची आहे असे समजावे.